वायफाय लागलं का, ते बघण्याची त्यांची रीत

चौसाळ्याच्या स्टँडमागं एका काकांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. लॅपटॉपवर नवं व्हर्जन टाकलं की माझं वायफाय हमखास जातं. "कामून केलं रे अपडेट?" असं ते लॅपटॉपलाच दरडावतात आणि वायफाय चालवणारा जुना ड्रायव्हर टाकतात. मग भांग पाडून त्याच लॅपटॉपवरून पुण्यातल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावतात. ती हसली की दुरुस्ती पास.

नोकरी लागल्यापासून ती क्वचितच उचलते. परवा रिंग संपेपर्यंत ते पडद्यावर स्वतःचाच चेहरा बघत बसले.

"रिंग जाती म्हंजी वायफाय हाय."

"पुन्हा लावा की. मला घाई नाही."

"कशाला? तुमचा लॅपटॉप तर दुरुस्त झाला," म्हणत त्यांनी कंगवा ड्रॉवरमध्ये टाकला.