नागपूरचे सर आणि अमेरिकेचे कागद

"कागद काय म्हणून राहिला?"

कुणी काही ठासून सांगू लागलं की सर चष्मा कपाळावर सरकवत आणि हा प्रश्न टाकत. मस्कतमधल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या एका शाळेत ते अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था शिकवायचे, मी फिजिक्स. वर्गात त्यांचं इंग्रजी अस्खलित. माझ्याशी मात्र अस्सल नागपुरी. मी देवरुखचा, पण त्याचा त्यांना काही फरक पडत नसे.

पाठ्यपुस्तक ते क्वचितच उघडत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, न्यायालयांचे निकाल, जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, सगळ्याच्या प्रती काढून मुलांपुढे ठेवत. तुम्हीही असा एखादा शिक्षक पाहिला असेल. आमच्याकडे झेरॉक्स मशीन बंद पडलं की शिपाई आधी सरांकडे बघायचा.

एकदा त्यांनी एका पळून गेलेल्या गुलामाची जाहिरात वाचायला दिली. मालकानंच छापलेली. गुलामाची उंची, कपाळावरचा व्रण, सोबत नेलेलं व्हायोलिन. सर म्हणाले, "मालकाला विसरा. या माणसाबद्दल सांगा." त्या दिवशी वर्गातली एक ओमानी मुलगी घरी जाऊन जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिचे वडील मुख्याध्यापकांसमोर हजर. गाला भागात त्यांचं गॅरेज होतं, काम टाकून आले होते. "परीक्षेला हे येणार आहे का?" मुख्याध्यापकांनी सरांना बजावलं, पुस्तकच शिकवा, नाहीतर पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही.

सरांनी वडिलांनाच वर्गात बोलावलं.

ते आले. मागच्या बाकावर अवघडून बसले. सरांनी जाहिरात त्यांच्याही हातात दिली. बराच वेळ वाचून त्यांनी विचारलं, "मग सापडला का तो?"

"माहीत नाही. इथं लिहिलेलं नाही."

ते मुलीकडे वळले. "जिवावर उदार होऊन पळाला, तरी व्हायोलिन सोडलं नाही. वाजवत बसला असेल कुठंतरी, इन्शाल्ला."

मुलगी हसली. तक्रार तिथंच खलास.

परतताना गाडीत मी विचारलं, "सर, नोकरी गेली असती तर?"

"आजोबांच्या शाळेची स्मरणिका होती जी आमच्या घरी," ते म्हणाले. "त्यात छापलं होतं, शाळा पहिल्यापासून सर्वांसाठी खुली. आजोबा व्हरांड्यात बसून शिकले. पावसात पाटी भिजून जाय त्यांची."

सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

"चला ना जी. यल्ला."

साठी झाली आणि सर नागपूरला परतले. विमानतळावर त्यांच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. त्यांनी तिथंच खाली बसून बॅग उघडली, मुलांच्या निबंधांचे गठ्ठे नीट दाबून बसवले आणि बॅगेतला आपला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

"नागपूरच्या उन्हात कोट काय करायचा?"

मस्कतच्या उन्हात मी तरी काय करणार होतो? पण घेतला. मला तो ढगळ होतो. बाह्यांवर मार्करचे निळे डाग आहेत. अजून लाँड्रीत दिलेला नाही.