आमचं घर जळलं नव्हतं

आम्ही बेहडाटोली सोडली त्या दिवशी टेम्पोत सामान चढवायला जी माणसं आली होती, त्यांची घरं जळाली होती. आमचं जळलं नव्हतं. सहा उन्हाळे झाले, पण त्या दृश्याचा अर्थ मला अजून नीट लावता येत नाही. शेजारच्या शेवंताकाकूच्या घराच्या नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या. तीच आमची भांडी जुन्या लुगड्यात बांधून देत होती. आमच्या घराचं कवेलूचं छप्पर शाबूत होतं, अंगण सारवलेलं होतं, आणि बाबा दाराला कुलूप लावत होते.

"काहून चालली वं तू?" काकूनं मायला विचारलं. "तुह्यं तं घर हाये."

माय टेम्पोत चढली. मागं गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसली, जंगलाकडे पाठ करून. बाबा घराला एक चक्कर मारून आले आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसले.

हे मी टोलीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि आमच्यासारखे जे नागपूर, कामठी, कळमेश्वरला पांगले त्यांच्यासाठीही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढं लांब कुणी वाचत नाही, हे मला माहीत आहे. तरी वाचा. दोन महिन्यांपासून माझ्या डोक्यात सगळा गोंधळ आहे, आणि तो एकटीला निस्तरता येत नाही.

ज्यांनी बेहडाटोली पाहिली नाही त्यांना सांगते. उमरेडच्या पुढे, जंगलाला टेकलेली आमची तीसेक घरांची वस्ती. चैत्रात मोहाची फुलं गळू लागली की सगळी टोली टोपल्या घेऊन जंगलात. फुलं वेचायची तर झाडाखालची जमीन साफ पाहिजे. वाळला पाला झाडत बसण्यापेक्षा काडी लावणं सोपं, म्हणून सगळेच काडी लावायचे. माझे बाबा मात्र उन्हाळ्यापुरते वनखात्याचे फायर वॉचर होते. वणवा दिसला की ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायचा, आणि हंगामाच्या आधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे जंगलातले पट्टे आपणच आधी जाळून मोकळे करायचे, म्हणजे पुढं आग आली तर तिथं अडते. त्यामुळं आमच्या घरातून एक माणूस आग विझवायला जायचा आणि एक लावायला. दर वर्षी यावरून भांडण.

"झाडून घेत जाय वं, काडी नोको लावू," बाबा म्हणायचे.

"मंग तुमी या झाडाले," माय म्हणायची, आणि काडीपेटी कमरेला खोचून निघायची.

त्या वर्षी हिवाळ्यापासून पावसाचा थेंब नव्हता. नाला होळीच्या आधीच कोरडा पडला. मी उमरेडला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, अभ्यासाच्या सुट्टीत घरी आले होते. आग लागली त्या दिवशी सकाळी मायसोबत मोहावर गेले. तिनं झाडाखालचा पाला जाळला. मग तिनं चरवीतलं पाणी राखेवर ओतलं, असं मला आठवतं. पण मला ते खरंच आठवतं, की नंतर इतक्या वेळा मनात आणलं म्हणून आठवल्यासारखं वाटतं, हे आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुपारी दोनच्या सुमारास नाल्याच्या अंगानं धूर दिसला. उन्हाळ्यात जंगलात धूर दिसणं नवं नव्हतं, म्हणून पहिली दहा मिनिटं कुणी उठलंच नाही. मग वारा फिरला. बांबू फुटल्याचे आवाज येऊ लागले आणि ससे, घोरपडी, मोर, सगळं आमच्या अंगणातून टोलीत पळत आलं. बाबा आणि पाच-सहा जण फांद्या घेऊन धावले. आग आमच्या घराच्या मागून, अगदी वीस पावलांवरून गेली. आमचं अंगण मोठं आणि झाडलेलं, तिथं तिला धरायला काही मिळालं नाही. खालच्या ओळीत तणसाचे, धानाच्या वाळल्या पेंढ्याचे, ढीग होते. तिथं ती पोचली आणि मग कुणाच्या हातात काही राहिलं नाही. सात घरं गेली. माणसं सगळी वाचली. शेवंताकाकूची कालवड तेवढी दाव्याला बांधलेली राहिली. तिचं दावं सोडायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे साहेब लोक विचारायला आले, आग कुणी लावली. दौलतमामा नाल्याच्या काठानं शेळ्या चारायचा. एकटा माणूस, तोंडात कायम बिडी. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "दौलतच असन." तासाभरात सगळी टोली तेच म्हणू लागली. कुणी पाहिलं नव्हतं. त्या गर्दीत मी होते, माय होती. मामाला चौकशीला नेलं, दोन दिवसांनी सोडलं, पुरावा काही नव्हता. पण त्यानंतर त्याला कुणी लग्नाचं आवतन दिलं नाही, आणि त्याच्या शेळीचं दूध कुणी घेतलं नाही.

महिन्याभरानं माय म्हणाली, "मले आता इथं नाई राहाचं." बाबांनी कारण विचारलं नाही. तेव्हा मला वाटलं, ती घाबरली. बाबांनी का विचारलं नाही, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

नागपुरात आम्ही दिघोरीला एका खोलीत आलो. बाबा जवळच्या फ्लॅट स्कीमवर वॉचमन लागले. फायर वॉचरचे वॉचमन झाले, असं मी एकदा गमतीनं म्हटलं तर ते हसले नाहीत. माय दोन घरी स्वयंपाक करते. मी बर्डीवरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. एसीत बसून दिवसभर एन्ट्री मारते, सहाला दुपट्टा तोंडाला गुंडाळून बाहेर पडते. टोलीतलं ऊन झाडाखाली गेलं की संपायचं. इथलं ऊन भिंतींत मुरतं आणि कूलरसमोर बसलं तरी पाठीला लागतं. पहिल्या वर्षी मला टोलीची आठवण रोज यायची. मग आठवड्याला. मग फक्त ग्रुपवर कुणाच्या लग्नाचा फोटो आला की.

या वर्षी फेब्रुवारीत समोरच्या स्कीमच्या कडुनिंबांची पानगळ सुरू झाली. लोक पाला रस्त्याकडेला गोळा करून पेटवायचे. माय कामावरून येताना असा ढीग दिसला की घरातून बादली भरून न्यायची आणि ओतायची. एकदा नाही, तीन-तीनदा. राख हातानं उकरून बघायची. आमच्याकडे टँकर दिवसाआड येत होता. समोरच्या काकू एक दिवस गॅलरीतून ओरडल्या, "अहो बाई, पाणी जास्त झालं का तुमच्याकडे?" शेजारी हसले. मला लाज वाटली. मी तिच्या हातातली बादली ओढली आणि तिच्यावर खेकसले, "काय करून राहिली तू, माय?"

ती तिथंच फुटपाथवर बसली.

"वरून इझते वं," ती म्हणाली. "खालून धुमसत राह्यते. म्या त्या दिवशी एकच चरवी टाकली. दुसरी टाकाले पायजे होती. म्या म्हटलं, प्याले ठेवा लागन."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पहिल्यांदा दौलतमामाच आठवला. सहा वर्षं ती हे पोटात घेऊन परक्या लोकांच्या पोळ्या लाटत होती, आणि तिकडे तो माणूस एकटा जेवत होता. मला तिची दया आली आणि रागही आला. त्यातलं आधी काय आलं ते सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात मी ऑफिसमध्ये सुट्टी टाकली आणि उमरेडची एसटी धरली. मायला फक्त सांगितलं, जाऊन येते. तिनं अडवलं नाही.

मामा घरापुढं शेळीला पाला घालत होता. खूप वाळला होता. मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आग माझ्या मायच्या हातून लागली, तुझ्या हातून नाही. मला वाटलं तो रडेल, नाहीतर शिव्या देईल. त्यानं पाल्याची डहाळी खाली ठेवली.

"बिडी तं माहीच होती, पोरी."

"कोणती बिडी?"

"त्या दिसी नाल्यात म्या बिडी फेकली. पायानं चेपली का नाई, मले आठोत नाई. सहा वर्सं आठवून राह्यलो." मग तो जरा चिडलाच. "लोकाईनं म्हटलं तवा म्या म्हटलं, हो बा, माह्याच हातून झालं असन. आता माह्यं मन बसलं त्याच्यावर, तं तू आली सांगाले का नोहे म्हणून."

मी त्याला समजावत राहिले की मोहाचं झाड वरच्या अंगाला आहे, वारा तिकडून होता. तो म्हणाला, वारा आधी खालून होता. मला वारा कुठून होता तेच आठवेना. तिथून उठून मी आमच्या घरासमोर जाऊन उभी राहिले. कुलूप गंजलं होतं, छप्पर एका बाजूनं बसलं होतं. न जळता पडत चाललेलं घर. मी किल्ली आणलीच नव्हती.

घरी परतल्यावर जेवताना मी मायला सगळं सांगितलं. बाबाही जेवत होते. त्यांनी हात ताटातच ठेवला.

"दोघंबी नोहे," ते म्हणाले.

जाळरेषेचा एक तुकडा त्या वर्षी राहून गेला होता. आगीच्या आदल्या दिवशी त्यांनी तो जाळला. ज्याला जो भाग दिला त्यानं तो शेवटपर्यंत चालून पाहायचा असतो, कुठं धुमसत तर नाही ना. नाल्याकडचं शेवटचं टोक बाबा चालले नाहीत. पाय दुखत होते. साहेबांना त्यांनी सांगितलं, सब ठीक.

मायनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला कधी पाहताना पाहिलं नव्हतं. "म्या सहा वर्सं जळून राह्यली, अन् तुमी चूप?"

"तू तरी कुठी बोलली?"

एका खोलीत, एका कूलरसमोर झोपणारी दोन माणसं सहा वर्षं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. आणि मी त्यांच्यामध्ये बसून मोबाईल बघत होते.

आग कुणाची, हे मला आजही माहीत नाही. मायची असेल, मामाची असेल, बाबांची असेल. कदाचित तिघांचीही नसेल. त्या दिवशी दुसऱ्याही बाया मोहाखाली पाला जाळत होत्या. मी खूप दिवस दिशा, वारा, वेळ कागदावर मांडून पाहिली. जमलं नाही. मग ते सोडून दिलं.

मायनं मात्र ठरवलं. मोहाचा हंगाम लागला तशी ती दोन्ही घरची कामं महिन्यापुरती सोडून टोलीला गेली. मी सोबत होते. ती आधी दौलतमामाकडे गेली, त्याच्या शेळीचं दूध मागून घेतलं आणि त्याच्या दारात उभ्यानं प्याली, सगळ्यांना दिसेल असं. मग शेवंताकाकूकडे. काकूनं पत्र्याचं नवं घर बांधलं आहे. माय उंबऱ्याबाहेरच बसून बोलली. स्वतःचं सांगितलं, बाबांचंही सांगितलं.

काकू बराच वेळ सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, "माही कालवड दाव्याले होती वं. तू तिकडं कुलरात झोपली." एवढंच. चहा विचारला नाही. माय उठली, आमच्या घराचं कुलूप दगडानं तोडलं आणि झाडायला लागली.

ती अजून तिकडेच आहे. मोहाखालचा पाला फड्यानं झाडते, काडी लावत नाही. फोनवर सांगते की कंबर गेली. काकू तिच्याशी बोलत नाही, पण गेल्या मंगळवारी स्वतःचा फडा घेऊन आली, शेजारच्या झाडाखाली झाडलं, आणि न बोलता गेली. याचा अर्थ काय लावायचा, ते मायला कळत नाही. मलाही नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी बाबांना विचारलं, सगळ्यांना वाचायला देऊ का? ते स्कीमच्या गेटवर खुर्ची टाकून बसले होते.

"दे," ते म्हणाले. "पर माह्यं नाव पयले लिही. ते दोघं साधी माणसं. म्या फायर वॉचर होतो."

तर लिहिते. काशिनाथ, माझे बाबा. निर्मला, माझी माय. आणि दौलतमामा. ज्यांची सात घरं गेली त्यांनी आता काय म्हणायचं ते म्हणा. आम्ही ऐकू.

काल ऑफिसमध्ये चार दिवसांच्या सुट्टीचा अर्ज टाकला. बाबाही येणार आहेत, गेटवर बदली माणूस मिळाला तर. अर्जात कारणाच्या जागी मी लिहिलं, घरी जायचं आहे. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुझं घर तर दिघोरीला आहे ना?"

मी म्हटलं, हो. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मी खोडून दुसरं काही लिहीन म्हणून. मी काही खोडलं नाही.