मॅक्रोने बोलावलेली भावकी

कोरेगावचे आमचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, कॅलेंडरात नोंद केल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. फौजेतल्या कचेरीतून निवृत्त होऊन ते घरी आले ते एक्सेलचा मॅक्रो घेऊनच. शीटमध्ये एक ओळ लिहायची: काम, तारीख, वेळ, कोणाला. मग बटण दाबायचं. मॅक्रो ते काम उचलून कॅलेंडरात मांडतो आणि ज्याच्या त्याच्या फोनवर निमंत्रण वाजतं, खाली 'येतो' किंवा 'येत नाही' दाबायला. मावशीला दळण आणायचं निमंत्रण येतं. ती फोन पिठाच्या डब्यावर उलटा ठेवते. ऊसतोडीच्या मुकादमालाही त्यांनी असंच बोलावलं होतं. तो म्हणाला, "सुभेदार, टोळी बैलगाडीनं येती, बटनानं न्हाई!" त्यांची लेक तर कायम करवादायची, "आण्णा, मी काय तुमच्या पलटणीत हाय व्हय?"

मी बी.कॉम. आमच्या घरात कॉलेज बघितलेला पहिला, आणि हे मी चारचौघांत सांगतो. म्हणून एकदा धीर करून विचारलं, "काका, 'कोणाला' हा रकाना मोकळा राहिला तर?"

"फौजेत हुकमावर नाव नसलं तर तो सगळ्यांना असतो, पदवीधर!"

मॅक्रोलाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

पुढे लेकीला माधवनगरचं स्थळ आलं. आमच्याकडे जमेपर्यंत अशी गोष्ट भावकीला कळू देत नाहीत. जुन्या रागातलं कुणीतरी पाहुण्यांना वाटेत गाठतं, दोन शब्द पेरतं, आणि पाहुणे परत फिरकत नाहीत. आधीची स्थळं अशीच गेली होती आणि लेक आता कुणासमोर बसायलाच तयार नव्हती. हे शेवटचं, असं तिने बजावलेलं. तेव्हा काकांनी या वेळी पक्कं गुपित ठेवलं. इतकं पक्कं, की शीटमध्ये कोणाचंच नाव लिहिलं नाही. आणि बटण दाबलं.

रविवारी पाहुणे गाडीतून उतरले, तर पुढच्या सोप्यात अख्खी भावकी इस्त्रीच्या कपड्यांत बसलेली. सगळ्यांत पुढे, बांधावरून ज्याच्याशी बोलणं बंद होतं, पण यादीतलं नाव खोडायचं राहिलं होतं, तो काकांचा चुलतभाऊ.

"तुला कुणी बोलावलं रं?" काका दातांतल्या दातांत म्हणाले.

"तूच की! फोनवर आलं, हजेरी सक्तीची. एवढ्या वर्सांनी बोलावलंस, न यायला मी काय परका हाय?"

मुलाच्या वडिलांनी नेमकं त्यालाच विचारलं, "आवं, घर कसं हाय हे?"

मावशीने पदर तोंडाशी नेला. आत पोह्यांच्या बश्यांचा आवाज थांबला.

"बांधाला ह्यो माणूस लय वाईट," चुलतभाऊ म्हणाला. "सरकत सरकत माझ्या रानात आलाय. पन तुमी पोरगी बघाय आलाय न्हवं? असली पोरगी आमच्या भावकीत दुसरी न्हाई."

स्थळ तिथंच जमलं. काका मला म्हणाले, "बघितलंस? मॅक्रोला माणसं कळत्यात." चूक कबूल करायला फौजेत शिकवत नसावेत.

लग्न झालं. लेक आता दुसऱ्या घरची, तिच्या वेळेवर आपला हक्क नाही, म्हणून काकांनी स्वतःच तिचं नाव मॅक्रोतून काढलं. मावशीलाही बोलले नाहीत. थोड्याच दिवसांत माधवनगरहून फोन आला, "आण्णा, तब्येत बरी हाय न्हवं? माझ्या फोनात कायच वाजंना." काकांनी फोन कानाशी धरूनच शीट उघडली आणि तिचं नाव परत घातलं.

आता कोरेगावात घेवडा तोडायचा असला तरी माधवनगरात निमंत्रण जातं. मी म्हटलं, "काका, ती कुठनं येणार एवढ्यासाठी?"

"येत न्हाई रं," काका स्क्रीनकडे बघत म्हणाले. "पन 'येते' म्हणून दाबती."