‘आणि बंधू’ची फी

पाहुण्यांना दर्शनाला म्हणून हरिहरेश्वरला घेऊन गेलो होतो, तिथे एका टपरीवर मला आमच्या गाईचं नाव दिसलं. वहिनीने तिच्या कोकम सरबताला गाईचं नाव दिलंय, ते. तेच नाव, तसाच लाल रंग, फक्त बाटली आमची नव्हे. मी एक विकत घेतली, चौलला आणली आणि नाटकातला पडदा बाजूला सारावा तसा हात करून ओटीवर वहिनीसमोर ठेवली. तिने एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि अंगणात जाऊन थुंकला.

“भावोजी, यात कोकम नाहीच. रंग आणि साखर. आणि लोक म्हणणार, हे हिनेच केलं.”

दुसऱ्या दिवशी दादा, वहिनी आणि मी अलिबागला ट्रेडमार्कची कामं करणाऱ्या सल्लागार बाईंकडे गेलो. बाईंना गाईचं नाव फारच आवडलं. कोकमाला असं नाव दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, म्हणाल्या. आमचा आनंद तिथेच संपला.

“वस्तू काय काय?”

“आमसुलं, सरबत आणि टाचांना लावायचं कोकमतेल,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे तीन वर्ग. फी दर वर्गाची वेगळी.”

“अहो मॅडम, झाड एकच आहे!” दादा म्हणाला.

“सरकार झाड बघत नाही.”

मी कुठूनशी ऐकलेली फॉर्मांची नावं ठसक्यात फेकली. बाई हसल्या. ते फॉर्म केव्हाच गेले, आता सगळं एकाच फॉर्ममध्ये. दादाचा चेहरा उजळला: एक फॉर्म, म्हणजे फी एकदाच? नाही. कागदावर दिलात तर जास्त, ऑनलाइन भरलात तर कमी. एकट्या माणसाला निम्मी, फर्मला पुरती. फर्मलाही निम्मी, पण छोट्या उद्योगाचं प्रमाणपत्र असेल तर. ते प्रमाणपत्र फुकट मिळतं. वहिनी काढायला निघाली होती, तेव्हा “आपण काय कारखाना आहोत?” म्हणून दादानेच तिला थांबवलं होतं. आता तो पंख्याकडे बघत बसला.

“मग अर्जदार कोण?”

दादाने अभिमानाने लेबल पुढे केलं. गाईच्या नावाखाली त्याचं नाव आणि त्यापुढे ‘आणि बंधू’. आमच्या भागातली रीतच ती. सुपारीचा व्यापार असो की किराणा, पाटीवर थोरला आणि बंधू असायचेच. या धंद्यातला बंधू म्हणजे मी. माझं काम सरबत पिऊन बरं झालंय असं सांगायचं.

“भागीदारीचा करार?”

“करार कशाला? सख्खे भाऊ आहोत.”

“आणि बनवतं कोण?”

आम्ही दोघांनी वहिनीकडे पाहिलं.

“मग यांच्या एकटीच्या नावाने टाका, निम्म्या फीत होईल. फक्त लेबलावर तुम्ही दोघं आहात, तेव्हा या नावावर आमचा हक्क नाही, असं दोघांनी स्टॅम्पपेपरवर लिहून द्या.”

मी लगेच पेन मागितलं. दादाने चष्मा काढून पुसायला घेतला. तो चष्मा पुसायला लागला की ते काम पुढच्या हंगामावर गेलं समजावं.

“घाई कशाला? करार करू, प्रमाणपत्र काढू. रीतसर होऊ दे.”

“तोवर तो नकली बाटल्या भरणारा अर्ज टाकून मोकळा होईल,” बाई म्हणाल्या.

आम्ही घरी परतलो. पडवीत रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, टोपल्या लागल्या होत्या. पिकलेलं फळ, वेळेत फोडलं नाही तर कुजायला लागतं. वहिनी सरळ झोपाळ्यावर जाऊन बसली.

“अहो, फर्म आहे ना तुमची? फोडा.”

“म्हणजे?”

“भावोजी, तुम्हीपण. बंधू ना?”

आम्ही बसलो. काय सांगू! फळ हातातून सटकतं, रस कोपरापर्यंत ओघळतो, बिया वेगळ्या, साली वेगळ्या. मी नाटकातल्या घायाळ योद्ध्यासारखा लालभडक हात वर करून कण्हत होतो, तिकडे दादाचं एका टोपलीत कंबरडं मोडलं.

“अगं, जरा पाणी तरी दे.”

“फर्मला सांगा.”

टोपली अर्धीही झाली नव्हती, तोच दादा उठला. “चल रे. सही करून येऊ.”

हात घासूनही डाग गेले नव्हते. सही करताना दादाचा ओला अंगठा कागदावर टेकला आणि नोटरीने कागद परत ढकलला. “हे काय, रक्त? नवीन कागद आणा.” मग नवीन स्टॅम्पपेपर, पुन्हा टायपिंग, पुन्हा सह्या. त्यानंतर बाईंच्या ऑफिसात अर्जाची साइट बंद. मग साइट चालू, पण पैसे भरताना अडकली. मी कॉम्प्युटरसमोर जे संवाद म्हटले ते कुठल्याही रंगमंचावर चालले नसते.

शेवटी पोच आली. घरी येऊन दादाने ती मोठ्याने वाचली. अर्जदार म्हणून वहिनीचं नाव, एकटीचं. मंजुरी यायची बाकी आहे, हरकत निघाली तर उत्तर द्यावं लागेल, हे बाईंनी बजावलंच होतं. दादाने कागद खाली ठेवला.

“म्हणजे आता मी कोण?”

“हमाल,” वहिनी म्हणाली. “रेवदंड्याला खोकी पोचवायची आहेत. भावोजींनाही घ्या सोबत.”