सारखं पेरलेलं आकाश

रोपवाटिका चालवणाऱ्या बाईला सगळं ओळीनं, सारखं आवडत असणार, असं लोकांना वाटतं. ट्रेच्या एका खळग्यात एक बी, शेजारच्यात एक बी. आहेच ते माझं काम, आणि त्याच्यावरच चूल पेटते. पण ट्रेमधलं सारखेपण माणसानं बसवलेलं असतं. माणसाचा हात लागला नाही तर काय होतं ते आमच्या बांधावर येऊन बघा. फेकलेल्या टोमॅटोची रोपं आपोआप उगवतात, ती एका जागी ही गर्दी, आणि पुढं नुसती माती.

आमच्या बोरी बुद्रुकपासून रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या फार लांब नाहीत. येता-जाता दिसतात, म्हणून कुणी मान वर करून बघत नाही. वर्षातून एकदा लोकांना आत सोडतात. लेक सातवीत होती तेव्हा तिनं हट्टच धरला. म्हटलं चल बाई, नाहीतर घरात बसून डोकं खाशील.

तिथं एक पोरगा भिंतीवरचं चित्र समजावून सांगत होता. काळ्यावर पांढरे ठिपके. कुठं गच्च गोळे, गोळ्यांना जोडणारे धागे, आणि मधे मोठमोठी भगदाडं. मला तर शिळ्या भाकरीवरची बुरशीच वाटली. तो म्हणाला, यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक आकाशगंगा, आणि हे आपल्या आसपासचं विश्व. मी विचारलं, "सगळीकडं सारखं का न्हाई वो?"

पोरगा भला होता. हसला नाही. म्हणाला, "काकू, चमच्यानं मोजलं तर एक चमचा भरगच्च, दुसरा रिकामा. लई मोठ्या घमेल्यानं मोजलं तर मात्र दर घमेल्यात माल साधारण सारखाच भरतो." आणि सुरुवातीला म्हणे जवळजवळ सारखंच होतं. जिथं जराशी भर जास्त होती, तिकडं बाकीचं ओढलं गेलं, नि जिथं कमी होतं ते आणखी रिकामं झालं.

मला ते एका झटक्यात पटलं. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नाचणी. तिथली पोरं कुठं गेली? हायवेला. दवाखाने, क्लास, दुकानं कुठं झाली? हायवेला. साहेब लोक तालुक्याच्या घमेल्यानं मोजतात आणि सगळं बरोबर भरतं. माझ्या आईचं गुडघ्याचं औषध मात्र चमच्यातलं, आणि तिकडचा चमचा रिकामा. येताना मी हे लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तुला तर माझ्या आधी कळलं की गं!" त्या वाक्यावर मी दोन दिवस हवेत होते.

मग तिनं विज्ञान प्रदर्शनासाठी तेच करायचं ठरवलं. टोमॅटोचं एक जुनं कॅरेट घेतलं, आतून मोडक्या छत्रीचं काळं कापड लावलं, आणि थर्माकोलचे दाणे दोऱ्यांना बांधून आत ताणून बसवले. कुठं झुबके, कुठं नुसती रांग. मधली जागा रिकामी दिसली म्हणून मी एक दाणा लावायला गेले, तर हातावर चापट मारली. "आई, तिथं काही न्हाई म्हंजे न्हाईच!" अहाहा, काय तोरा! पोरगी पुढं जाऊन हेच करणार, असं मी तेव्हा मनात पक्कं धरलं होतं. कुणाला बोलले नाही, दृष्ट लागते.

शाळेतून ती परत आली ती तोंड पाडूनच. विज्ञानाच्या बाईंनी कॅरेट बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय ध्यान! एका कोपऱ्यात सगळा ढीग नि मधे भोक. परीक्षक काय म्हणतील?" आणि चार पोरी बसवून सगळे दोरे सोडवले, पट्टीनं मोजून सारख्या अंतरावर बांधले. लेकीनं सांगून बघितलं. तर म्हणाल्या, "टापटिपीला मार्क असतात. ते घालवायचेत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पदर खोचून शाळेत निघालेच होते. नवरा आडवा आला. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नको. पोरीला अजून तीन वर्सं तिथंच काढायचीत." ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय. मी बसले खाली. पण प्रदर्शनाला मी येणारच, असं बजावलं.

प्रदर्शन कळंबला होतं. लेकीच्या टेबलाशी दोन परीक्षक आले, एक रिटायर सर आणि तबकड्यांच्या तिथं काम करणारी एक तरुण मुलगी. सर वाकून म्हणाले, "वा, वा! किती रेखीव!" ती मुलगी मात्र कॅरेटकडं बघतच राहिली. मग अगदी मायेनं तिनं विचारलं, "छान केलंयस. पण आपल्या जवळचं विश्व असं सारखं पेरलेलं असतं का गं?"

माझा जीव कानांत गोळा झाला. बोल पोरी, म्हटलं, हीच वेळ आहे. विचारणारी जाणती आहे, तिला तेच ऐकायचंय. लेकीनं मागं उभ्या असलेल्या बाईंकडं बघितलं. मग म्हणाली, "हो मॅडम. सगळीकडे सारखंच असतं."

त्या मुलीचा चेहरा उतरला. ती वहीत लिहायला लागली आणि मला राहवलं नाही. "अवो ताई, असं नव्हतं तिनं केलेलं. तिनं बरोबर केलं व्हतं. जवळ बघितलं की झुबकं नि भगदाडं, लई मोठं घमेलं घेतलं तरच सारखं. हे शाळेत बदाललं, तिला विचारा की!"

सगळे माझ्याकडं वळले. बाईंचं तोंड लाल झालं. त्या मुलीनं लेकीला विचारलं, "खरं का?"

लेक माझ्याकडं बघत नव्हती. शाळेतल्या शुद्ध भाषेत, एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, "नाही मॅडम. माझ्या आईला यातलं काही कळत नाही."

"गावाकडच्या आया हो, हौसेनं येतात," बाई हसून म्हणाल्या. सरही हसले. ती तरुण मुलगी हसली नाही, पण पुढच्या टेबलाकडं गेली. मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लई लागलं मला ते. बाईंचं नाही, बाई परक्या.

पहिला नंबर आला. टाळ्या झाल्या, बाईंनी पेढे वाटले, एक मलाही दिला. नाही कसा म्हणणार?

परतताना जीपमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती, मांडीवर ढाल घेऊन. नारायणगाव मागं पडलं. मग घरच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाली, "आई, आता जिल्ह्याला जायचं हाय. तू नको येऊस."

"न्हाई येत," मी म्हणाले. "डबा किती वाजता करू, तेवढं सांग."