दाराआडच्या पाच निळ्या रेघा

चामराजपेटेतल्या त्या गल्लीत कुणाला सर्दी झाली की तो आधी पद्मावतीअक्काकडे यायचा. अक्का पोस्टातून रिटायर झालेली, घरात एकटीच. कुणाला ताप असेल तर ती स्वयंपाकघराच्या दाराआड भिंतीवर निळ्या पेन्सिलीनं रेघ मारायची, तापाच्या दर दिवसाला एक. नाव मात्र कधीच लिहायची नाही. आजाऱ्याचं नाव भिंतीवर आलं की आजार घरात मुक्काम करतो, असं तिची सासू म्हणायची.

बाकी सगळं एकदम सरळ. मिठाच्या गुळण्या, मिऱ्याचं गरम सार, भरपूर झोप, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. "नाक गळू दे की आठवडाभर! पण ताप चौथ्या दिवशी दिसला की डॉक्टर. आणि छाती वाजली तर रेघा मोजत बसायचंच नाही, त्याच दिवशी जायचं."

त्या दुपारी ती पाणी प्यायला उठली तर दाराआड पाच रेघा.

पाच! आणि वाकड्या, थरथरलेल्या. कुणाच्या ते आठवेचना. कुणीतरी पाच दिवस तापात पडलंय आणि आपण त्याला डॉक्टरकडे पाठवलंच नाही!

आणि तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. अगदी बारीक, ओली, दाराच्या फटीतून कुणी फुंकावं तशी. ती देवघरात गेली, शिट्टी देवघरात. न्हाणीत गेली, शिट्टी न्हाणीत. झटकन मागं वळून पाहिलं. कुणीच नाही.

तिनं कोपऱ्यावरच्या गुंडो टेलरला फोन लावला. "गुंडोअण्णा, ताप कसा आहे तुझा?"

"माझा? मी गेल्या महिन्यातच बरा झालो की अक्का! तुमच्या सारानं पोळलेली जीभ तेवढी अजून दुखते." तो हसला, मग एकदम थांबला. "तुमच्याजवळ कोण आहे हो?"

"कोणी नाही."

"मग शिट्टी कोण वाजवतंय?"

अक्कानं फोन ठेवूनच दिला. आता उरली वरच्या मजल्यावरच्या स्मिताची सिद्धी, सात वर्षांची. अक्का लगेच निघाली. उंबऱ्याबाहेर दुधाच्या पिशव्या पडलेल्या, एक नाही, तीन, उन्हानं टम्म फुगलेल्या. आजची एक, मग बाकीच्या कुणाच्या? ती जिना चढायला लागली, आणि शिट्टीही चढायला लागली, पायरीगणिक मोठी होत.

स्मितानं दार उघडलं. पुण्याची मुलगी, कानात हेडफोन, आत मीटिंग चालू.

"सिद्धीला ताप आहे ना? खरं सांग."

"नाही हो काकू, शाळेत गेलीय ती. मस्त आहे."

"मंगळवारी तर ती लवकर येते ना?"

"आज शुक्रवार आहे." स्मितानं हेडफोन काढला आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"तुलाही ऐकू येतंय ना गं?" अक्का कुजबुजली. "खालपासून माझ्या मागंमागं आलंय ते."

"काकू, एक सेकंद श्वास रोखा."

तिनं रोखला. शिट्टी थांबली. अख्खा जिना गप्प. तिनं श्वास सोडला आणि ती परत आली, तिच्याच फासळ्यांमधून.

मग तिला एकेक सकाळ आठवायला लागली. हातात निळी पेन्सिल, गरम कपाळ भिंतीला टेकलेलं. साधी सर्दी तर आहे, म्हणत मारलेली एकेक रेघ.

"त्या रेघा माझ्याच गं," ती म्हणाली.

"रेघा राहू देत, मी ऑटो बुक करतेय."

"स्वल्प सार पिते, उद्या बघू की..."

"उद्या?" स्मिता जवळजवळ ओरडलीच. "सिद्धीची छाती वाजली तेव्हा मला ऑफिसमधून ओढून डॉक्टरकडे पाठवलं होतंत तुम्ही! किती चिडले होते मी! आणि स्वतःला उद्या?"

अक्कानं कठडा घट्ट धरला. बोलायला दम पुरत नव्हता. "सरी, चल," एवढंच म्हणाली.

न्यूमोनिया निघाला. सहा दिवस ती हॉस्पिटलात होती. घरी आल्यावर सगळ्यात आधी दाराआड गेली. माणूस बरं झालं की ओल्या फडक्यानं रेघा पुसायच्या, ही तिचीच पद्धत. फडकं हातात होतं, पण तिनं ते बाजूला ठेवलं. पेन्सिल घेतली आणि पाच रेघांखाली सावकाश, पोस्टातल्या अक्षरात लिहिलं, पद्मावती. त्या भिंतीवरचं पहिलं नाव.

मग श्वास रोखून ती ऐकत उभी राहिली. मोरीतला नळ टपकत होता. तिनं श्वास सोडला, आणि परत कान दिला.

नळच टपकत होता फक्त.