यंत्राची राखण

शाळेच्या प्रयोगशाळेत मामांनी तीस वर्षं पोरांच्या हाती चुंबकं दिली आणि तितकीच मोजून परत घेतली. तेवढ्यावर आपल्याला शास्त्रातलं कळतं, असा त्यांनी स्वतःचा समज करून घेतला होता. पाण्याच्या शोधासाठी विमान फिरणार आणि जमिनीवरच्या यंत्राला राखणदार हवाय हे कळताच निवृत्त मामा आपणहून हजर झाले.

भूगर्भाच्या जाणकार मॅडमनी त्यांना समजावलं, "विमानाला पाणी दिसत नाही, मामा. ते खडकांचं चुंबकत्व मोजतं. खाली काळ्या खडकाची उभी भिंत असली तर कळते, आणि भिंतीमागे पाणी अडलेलं असू शकतं. पण पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभर कमीजास्त होतं. ते हे यंत्र टिपतं, मग आम्ही ते वजा करतो. जवळ लोखंड येऊ द्यायचं नाही. तुम्हीही त्या झाडाखालीच बसा."

नुसतं बसून पगार घेणं मामांना पटेना. विमानवाल्या कंपनीने दिलेले नवे कोरे बूट करकरवत ते दर पंधरा मिनिटांनी यंत्राला फेरी घालत. गवत कापणाऱ्या मावशींना त्यांनी विळ्यासकट बांधापलीकडे पिटाळलं. मामी जेवण घेऊन आल्या, तर त्यांनाही रस्त्यातच अडवलं.

"डबा स्टीलचा आहे," मामा म्हणाले.

"मग जेवू नका," म्हणून मामी डबा घेऊन परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी नोंदी तपासल्या. आलेखात दर पंधरा मिनिटांनी एक उंचवटा होता. मामांनी छातीठोकपणे मावशींचं नाव घेतलं.

मावशी बांधावरूनच म्हणाल्या, "मी परवापासून तिकडे फिरकलेसुद्धा नाही. घिरट्या तर हेच घालतात."

मॅडमनी मामांना यंत्राजवळ उभं केलं. आकडा उडाला. किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, पट्टा काढला, आकडा तसाच. एका हाताने पँट सावरत मामा उभे होते.

"आता बूट," मॅडम म्हणाल्या.

बूट लांब ठेवले आणि आकडा मुकाट जागेवर आला. पायाची बोटं ठेचू नयेत म्हणून बुटांच्या टोकात पोलादाची टोपी बसवलेली होती.

मामा अनवाणीच बांधापर्यंत गेले.

"मावशी, चुकलं माझं. चुंबकाला काय चिकटतं हे पोरांना विचारण्यात माझा जन्म गेला. मलाच कुणी विचारायला हवं होतं."

"मग आता विळा आणू का?"

"विळा नको. दोर असला तर आणा, मला त्या झाडाला बांधा."

मॅडमना ते उंचवटे एकेक करून काढायला दोन दिवस लागले. नकाशात काळ्या भिंतीची रेघ स्पष्ट उमटली. तिच्या वरच्या अंगाला बोअर घेतली आणि दोनशे फुटांवर पाणी लागलं. लोक मामांचंही अभिनंदन करू लागले, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "माझ्यासारखा राखणदार असूनही लागलं, म्हणजे खाली पाणी भरपूर असणार."